अपूर्णांक घातांक आणि पेटीच्या पट्ट्या

ग्वाल्हेरला लष्कर भागात मी नववी-दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. घातांक अपूर्णांक झाला की चांगली चांगली मुलं अडतात. नव्याने बीजगणिताला बसणाऱ्यांसाठी हे अनुभवाचे बोल. (घातांक इथे ^ या खुणेपुढे लिहिला आहे.)

आधी ९^(१/२) चा अर्थ पक्का करा. ‘नऊ अर्ध्या वेळा गुणायचे’ असं म्हणत बसलात तर काही हाती लागत नाही. पाया सारखा असला की गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हे पूर्णांकांसाठी तुम्हाला ठाऊक आहे. तोच नियम इथेही चालला पाहिजे, एवढी अट घाला. मग ९^(१/२) × ९^(१/२) = ९. स्वतःशी गुणल्यावर नऊ देणारी धन संख्या तीन, म्हणजे अर्धा घात हे वर्गमूळच. त्याच न्यायाने १/३ घात म्हणजे घनमूळ. न्यूटनने १६७६ मध्ये रॉयल सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्ग याला पाठवलेल्या पत्रात मुळांच्या खुणांऐवजी असेच घातांक लिहिले आहेत.

आता २^(१/२) × २^(१/३). बहुतेक मुलं उत्तर २^(१/६) लिहितात. गुणाकाराचं चिन्ह दिसतं, शिवाय अपूर्णांकांचा गुणाकार बेरजेपेक्षा सोपा, म्हणून हात तिकडे वळतो. अशा वेळी अंदाज घ्यायची सवय लावा. पहिली संख्या सुमारे १.४१, दुसरी १.२६. एकाहून मोठ्या दोन संख्यांचा गुणाकार त्या दोघींपेक्षा मोठाच हवा, आणि २^(१/६) तर जेमतेम १.१२ आहे. छेद सारखे करून बेरीज केली की ५/६ येतात. २^(५/६) म्हणजे सुमारे १.७८. हे पटतं.

आमच्या गावात गाण्याचा अभ्यास घरोघरी, भातखंड्यांनी १९१८ मध्ये इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू केलं. त्यामुळे मी सरळ पेटी पुढे ओढते. सा पासून वरच्या सा पर्यंतच्या सप्तकात कंपनसंख्या दुप्पट होते, आणि हल्लीच्या पेटीत त्या सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर, काळी-पांढरी दोन्ही धरून, गेलं की कंपनसंख्या २^(१/१२) पट होते. सा ते शुद्ध ग चार पट्ट्या, म्हणजे २^(१/३) पट. ग ते प तीन, म्हणजे २^(१/४) पट. मग सा ते प किती? पट्ट्या मोजा, सात. १/३ + १/४ = ७/१२. पट गुणल्या जातात, पट्ट्या मिळवल्या जातात. छेद बारा का करायचा हे मुलांना बोटांनी कळतं. २^(७/१२) म्हणजे सुमारे १.४९८, तंबोऱ्याच्या १.५ पंचमाच्या अगदी जवळ. गंधार मात्र १.२५ ऐवजी १.२६ येतो, म्हणून तयार कानाला पेटीचा गंधार चढा लागतो.

पाया वेगळा दिसला तर आधी तो सारखा होतो का पाहा: ४^(१/३) × २^(१/३) मध्ये ४ म्हणजे २^२, म्हणून २^(२/३ + १/३) = २. पाया जुळतच नसेल तर घातांकांचे छेद जुळवा. २^(१/२) × ३^(१/३) = ८^(१/६) × ९^(१/६) = ७२^(१/६).

पाया धन आहे ना, हे मात्र दर वेळी तपासा. −८ चं घनमूळ −२ आहे, पण १/३ च्या जागी २/६ लिहून आधी वर्ग केलात तर ६४ चं सहावं मूळ, म्हणजे +२ येतं. ऋण पायावर हे नियम डोळे मिटून लावता येत नाहीत.