कोन फिल्टर सारखा सैल होतोय? क्लॅम्प पिळण्याआधी पाईपचा घेर मोजा

गाडीच्या इंजिनात जाणारी हवा गाळणारा, बाहेरून बसवलेला शंकूसारखा कोन फिल्टर हवेच्या पाईपवरून सैल व्हायला लागला की सगळीकडे एकच सल्ला मिळतो: क्लॅम्प, म्हणजे गळ्याभोवतीची पेचाची पट्टी, घट्ट कर. आमच्या जळगाव-धुळ्याकडे तो "अजून दोन पेच दे ना भो" अशा शब्दांत मिळतो. मी हा सल्ला दीड वर्ष पाळला. त्या दीड वर्षात दोन क्लॅम्पचे आटे गेले, फिल्टरच्या रबरी गळ्यात पट्टीचा चर पडला, आणि फिल्टर दर महिन्याला हाताने गोल फिरायला लागायचा. त्यानंतर माझ्या, भावाच्या, मामेभावाच्या आणि गल्लीतल्या बऱ्याच गाड्यांवर हे काम केलं आहे. क्लॅम्प सैल होता म्हणून फिल्टर सैल झाला, असं त्यात क्वचितच निघालं. क्लॅम्प सैल दिसतो तो शेवटी. मूळ कारण त्याच्या आधीचं असतं आणि ते शोधल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नका.

हे काम पुढे ढकलू नका, हे आधी सांगतो. १२०० सीसीचं चार स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमला, पूर्ण पाय दाबलेला असेल तर, मिनिटाला हजार-बाराशे लिटर हवा ओढतं. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत आपल्या रस्त्यांवर काय उडत असतं ते सगळ्यांना माहीत आहे. काळ्या मातीचा पिठासारखा धुराळा, महामार्गाकडेची बारीक वाळू, जिनिंगच्या हंगामात कापसाचं तूस. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना एका वाक्यात कळेल: फिल्टरच्या झाकणाचं रबर नीट बसलं नाही तर जाळी कितीही चांगली असो, खाली ड्रिपर बुजतात. इथे बुजत नाही, झिजतं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजते, आणि टर्बो असेल तर त्याच्या पात्यांच्या कडा.

आधी गळती कुठे आहे ते ओळखा

"गाडी तर मस्त चालतेय" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं आहे, आणि ते सगळ्यात घातक आहे.

काही गाड्यांत फिल्टरच्या लगेच पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याला एमएएफ म्हणतात. फिल्टर त्या सेन्सरच्या अलीकडे सैल असेल तर आत जाणारी हवा मोजलीच जाते, फक्त ती गाळलेली नसते. मग ना दिवा लागतो, ना गाडी थरथरते. सेन्सरच्या पलीकडचा, म्हणजे सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणाऱ्या झडपेच्या) मधला जोड सैल असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. पेट्रोल गाडीचं आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग, मग वर-खाली होतं, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि स्कॅनरवर बहुधा पी०१७१ हा कोड दिसतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ज्या गाड्यांत एमएएफ नसून मॅप सेन्सर आहे, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे हवेचा दाब मोजणारा, त्यांत थ्रॉटल बॉडीच्या अलीकडे कुठेही गळती असली तरी गाडी सहसा काही बोलत नाही. ती मुकाट्याने धूळ खाते.

म्हणून आवाजावर किंवा दिव्यावर विसंबू नका, कापडावर विसंबा. इंजिन बंद आणि गार असताना फिल्टर काढा, बोटाला पांढरं ओलसर सुती कापड गुंडाळा आणि पाईपच्या आतून फिरवा. सेन्सरच्या तारेला बोट लागू देऊ नका. कापडावर मातीचा रंग आला तर फिल्टरला वळसा घालून हवा आत जाते आहे. डाग पाईपच्या कोणत्या बाजूला जास्त आहे हेही पाहा. माझ्या गाडीत तो नेहमी खालच्या बाजूला असायचा, आणि तीच खूण मी फार उशिरा वाचली.

फिल्टर काढलेला असताना पाईपच्या तोंडात चिंधी कोंबू नका, ती विसरली जाते आणि आत ओढली जाते. मोठा पंचा लावा, अर्धा बाहेर लोंबू द्या, म्हणजे बॉनेट लावताना तो दिसतोच. आणि रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक फिरतो.

माप: सगळा घोळ इथेच असतो

बाजारात हे फिल्टर ६३, ७० आणि ७६ मिलिमीटरच्या गळ्याचे सर्रास मिळतात, म्हणजे अडीच, पावणेतीन आणि तीन इंच. दुकानदार विचारतो, "गाडी कोणती?" आणि एक खोका काढून देतो. गाडीच्या नावावरून पाईपचं माप कळत नाही, कारण पाईपही बऱ्याचदा बाहेरचाच असतो.

माझा पाईप ७० चा होता आणि गळा ७६ चा. ज्या गॅरेजमध्ये तो बसवला तिथे मला सांगितलं, "सहा मिलीमीटरचाच फरक आहे, क्लॅम्प ओढून घेईल." मला ते पटलं होतं, कारण सहा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत.

आता घेर काढून बघा. ७० मिमी व्यासाच्या पाईपचा घेर येतो साधारण २२० मिमी, ७६ चा येतो २३९. फरक १९ मिमी, जवळजवळ दोन सेंटिमीटर. तुम्ही क्लॅम्प पिळता तेव्हा हे दोन सेंटिमीटर जास्तीचं रबर जाणार कुठे? ते दबून नाहीसं होत नाही. त्याची घडी पडते, साडीच्या निरीसारखी. ती घडी बहुतेक वेळा क्लॅम्पच्या पेचाच्या डबीखाली पडते, आणि पेच आपण सोयीसाठी खाली किंवा मागे वळवलेला असतो. वरून बघणाऱ्याला सगळं गोल गरगरीत दिसतं. खाली त्या घडीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीची शिस जाईल एवढी फट राहते. जेवढा पेच जास्त, तेवढी घडी उंच. म्हणजे पिळून पिळून मी फट बुजवत नव्हतो, तयार करत होतो.

हे मला कळलं ते मोबाईलचा कॅमेरा बॅटरीच्या बाजूने खाली घालून व्हिडिओ काढला तेव्हा. तुम्हीही तेच करा. घडी दिसली की चर्चा संपली, तो फिल्टर त्या पाईपला लागत नाही.

व्हर्नियर असेल तर पाईपचा बाहेरचा व्यास मोजा, दोन ठिकाणी, कारण वाकवलेला पाईप टोकाला किंचित लंबगोल झालेला असतो. नसेल तर न ताणणाऱ्या दोऱ्याचा एक वेढा द्या, दोरा पट्टीवर मोजा आणि ३.१४ ने भागा. १९८ मिमी म्हणजे ६३ चा पाईप, २२० म्हणजे ७०, २३९ म्हणजे ७६. हा आकडा कागदावर लिहून दुकानात जा आणि गळ्याचं आतलं माप त्याच्याशी जुळतं का ते स्वतः बघा. बरोबर मापाचा फिल्टर क्लॅम्प न लावताच, दोन्ही हातांनी जोर देऊन बसवावा लागतो. सहज सरकून बसला तर तो मोठा आहे.

खोक्यात कधीकधी रबरी कड्या येतात, मोठा गळा लहान पाईपवर बसवण्यासाठी. अखंड गोल कडी एकच वापरणार असाल आणि तिच्यामुळे माप नेमकं जुळत असेल तर चालेल. कापलेली, टोकाला टोक लावून गुंडाळायची पट्टी अजिबात नको, तिच्या सांध्यातून हवा जाते. एकात एक दोन कड्या घातलेल्याही मी पाहिल्या आहेत, त्या उन्हाळ्यात एकमेकींवरून घसरतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, इन्सुलेशन टेप, एमसील, सिलिकॉन सीलंट यांतलं काहीही नको. सीलंटचे तुकडे सुटून आत जातात आणि काही सीलंटची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. योग्य मापाचा फिल्टर आणा. पैसे जातात, मान्य आहे, पण इंजिन खोलण्यापेक्षा कमीच जातात.

आपल्याकडे पीव्हीसी पाईप घरोघरी पडलेला असतो, म्हणून तोच तुकडा बॉनेटखाली जोडायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. बाहेर ४५ अंश असताना ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखाली, इंजिनला लागून, तेवढं तापमान सहज येतं. पाईप क्लॅम्पखाली दबतो आणि पुन्हा गोल होत नाही.

तेल आणि कॉलर

माप जुळूनही फिल्टर पुढे सरकत असेल तर गळ्याच्या आत बोट फिरवा. कापडी जाळीच्या फिल्टरला धुतल्यावर तेल लावायचं असतं आणि लोक ते ओततात. जास्तीचं तेल उन्हाने पातळ होऊन गळ्यात उतरतं. तेलकट रबर गुळगुळीत ॲल्युमिनियमवर धरून राहत नाही, आणि तेच तेल एमएएफच्या तारेवरही बसतं. गळा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा, पाईपचं टोक स्पिरिटने पुसा. रबराला पेट्रोल किंवा थिनर लावू नका, ते फुगतं. बसवताना फिल्टर घट्ट वाटला तर आतून पाण्याचा हात फिरवा, ग्रीसचा कधीच नाही.

पाईपच्या टोकाला बाहेरून उभट कडा, म्हणजे कॉलर, असायला हवी. क्लॅम्पची पट्टी त्या कॉलरच्या मागे बसली की फिल्टर ओढला तरी निघत नाही. स्वस्त पाईप सरळ कापलेले असतात. अशा वेळी पाईप गाडीतून काढून न्या आणि आर्गॉन वेल्डिंगवाल्याकडून टोकाजवळ बाहेरून बारीक रेघ मारून घ्या. मग कानशीने ती गुळगुळीत करा, नाहीतर रबर कापलं जाईल. आत कीस राहू देऊ नका. पाईप गाडीवर ठेवून वेल्डिंग करू देणाऱ्याला ठाम नाही म्हणा.

इंजिन हलतं, बॉडी हलत नाही

हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, कोणाला तरी हलका ॲक्सिलरेटर द्यायला सांगा आणि लांबून फिल्टरकडे बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं, पाईप त्याच्यासोबत डोलतो. फिल्टरचं टोक जर पत्र्याच्या पट्टीने बॉडीला पक्कं आवळलं असेल तर प्रत्येक गिअरला गळा थोडा थोडा ओढला जातो. चाळीसगावहून कन्नड घाट एकदा चढून उतरलात की किती गिअर बदलले ते मोजा. पट्टीला रबरी बुश घाला आणि पाईपच्या मध्ये सिलिकॉन होजचा एक आखूड जोड द्या. पट्टीच नसेल आणि फिल्टर नुसता लोंबत असेल तर पट्टी करून घ्या.

फिल्टर बॉनेटला लागतो का हे कणकेच्या गोळीने कळतं. गोळी फिल्टरच्या टोकावर ठेवा, बॉनेट लावा, उघडा. गोळी सेंटिमीटरपेक्षा पातळ झाली तर जागा कमी आहे.

आता क्लॅम्प

जुना क्लॅम्प टाका. आतून गुळगुळीत पट्टीचा नवा घ्या, भोकं पाडलेल्या पट्टीत रबर घुसून कापलं जातं. पेचकसाऐवजी ७ किंवा ८ मिमीचा सॉकेट वापरा, पेचकस निसटून रेडिएटरमध्ये घुसतो. पट्टी पूर्ण रुंदीने पाईपवर यायला हवी, अर्धी पाईपच्या बाहेर नको. पेच वर, दिसेल असा ठेवा. पट्टीच्या दोन्ही कडांना रबर किंचित फुगलं की थांबा. दोन्ही हातांनी पिळून फिल्टर फिरत नसेल तर तेवढंच पुरे.

२५-३० किलोमीटर गाडी चालवा, रात्रभर गार होऊ द्या, आणि सकाळी पाव फेरा द्या. पहिल्या तापण्यात नवं रबर थोडं बसतं, म्हणून हा पाव फेरा लागतो. इंजिन गरम असताना मात्र पेचाला हात लावू नका. तापलेलं रबर मऊ असतं, जास्त आवळलं जातं, आणि गार झाल्यावर कापलेलं सापडतं.

एमएएफ असेल तर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने धुवा, कार्ब क्लीनरने नको. कोड असेल तर स्कॅनरने पुसा.

कंपनीचा मूळ एअर बॉक्स, म्हणजे कागदी फिल्टरची पेटी, माळ्यावर असेल तर एक सांगतो. चैत्र-वैशाखात तोच परत बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, मी गेली काही वर्षं तेच करतो. कागदी फिल्टर बारीक धूळ जास्त अडवतो, आणि कोनने मिळणारी ताकद आपल्या रोजच्या अमळनेर-पारोळा फेरीत जाणवत नाही. आवाज जाणवतो, तो मलाही आवडतो. म्हणून पाऊस पडून धुराळा बसला की कोन परत येतो.

तीनशे किलोमीटर झाले की फिल्टर पुन्हा काढा आणि पांढरं कापड आतून फिरवा, खालच्या बाजूने आधी. कोरं निघालं तर पुढची तपासणी महिन्याने. मातकट निघालं तर परत घेर मोजण्यापासून सुरुवात करा, क्लॅम्पपासून नाही.