सॉफ्टवेअरची सीडी प्रेसला पाठवायच्या आधी काय काय करायचं

सीडी राईट करणं वेगळं आणि मास्टर, म्हणजे सीड्या छापणाऱ्या प्रेसला द्यायची मूळ सीडी, बनवणं वेगळं, हे मला पहिला लॉट हातात आल्यावर कळलं. घरी रायटरवर पाच सीड्या मारल्या आणि एखादी फाईल राहिली तर सहावी मारायची, फार तर एका ब्लँक सीडीचा खर्च. प्रेसवर तुम्ही दिलेल्या सीडीवरनं आधी काचेची मास्टर बनते, तिच्यावरनं निकेलचा स्टॅम्पर बनतो, आणि मग तो स्टॅम्पर प्लास्टिकवर तुमचा डेटा हजार वेळा छापतो. फाईल चुकली असेल तर ती हजार सीड्यांवर चुकते, आणि त्यातल्या निम्म्या सीड्या अशा शाळांत जातात जिथे नेट नाही, म्हणजे पॅच (दुरुस्तीची फाईल) टाकायचीही सोय नाही.

मी शाळांच्या कॉम्प्युटर लॅबसाठी सरावाची सॉफ्टवेअरं बनवायचो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. पण रेट्रो पीसीसाठी सीडी बनवत असाल किंवा एखाद्या मशीनबरोबर सॉफ्टवेअर द्यायचं असेल तरी हेच सगळं लागू होतं.

सगळ्यात आधी एक वेगळा फोल्डर करा, आणि सीडीवर जे जसं दिसायला हवं ते अगदी तसंच त्यात ठेवा, बाकी काही नको. ज्या फोल्डरात कोड लिहिता तोच उचलून सीडीवर टाकायचा नाही, कारण त्यात बॅकअपच्या फाईली, विंडोजनं आपोआप बनवलेली थंब्स डॉट डीबी, मॅकवाल्यांचं तसलंच डीएस स्टोअर, आणि एखादी 'फायनल फायनल २' नावाची फाईल हमखास असते. फोल्डर तयार झाला की अँटीव्हायरसनं स्कॅन करा, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या अँटीव्हायरसनी करा, हजार सीड्यांतून व्हायरस वाटल्यावर सॉरी म्हणायला तोंड राहत नाही.

आता खरा मुद्दा, ज्यावर सगळ्यात जास्त सीड्या वाया जातात. सीडीवर लिहिता येत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं पण सॉफ्टवेअरला माहीत नसतं. तुमचा प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरात सेटिंगची फाईल लिहितो का, लॉग लिहितो का, मार्क सेव्ह करतो का, तात्पुरती फाईल बनवतो का ते शोधा. हार्ड डिस्कवर हे कधी जाणवत नाही, सीडीवरनं चालवलं की पहिल्याच क्लिकला एरर. डेटाबेस तर हमखास अडतो. अ‍ॅक्सेसची फाईल उघडली की ती शेजारी लॉक फाईल (फाईल कोण वापरतंय याची नोंद) बनवायला बघते आणि सीडीवर ती बनत नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरत असाल आणि तो वॅल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाईलीत लिहायची पद्धत) असेल तर सीडीवर टाकायच्या आधी जर्नल मोड डिलीटवर आणा, नाहीतर तो नुसता वाचायलाही उघडताना त्रास देतो. जे काही लिहायचंय ते युजरच्या अ‍ॅप्लिकेशन डेटा फोल्डरात जाऊ दे. प्रोग्राम फाईल्समध्येही नको, कारण शाळेच्या लॅबमध्ये पोरांना अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणी देत नाही (दिला तर लॅबची काय अवस्था होते तेही बघितलंय).

याच्याच जोडीचा दुसरा घोळ म्हणजे पाथ, फाईल कुठे आहे तो पत्ता. तुमच्या पीसीवर सीडी डी ड्राइव्हला असेल, दुसऱ्याकडे ती ई असते, तिसऱ्यानं हार्ड डिस्कचे चार भाग पाडलेत म्हणून त्याच्याकडे जी. कोडमध्ये कुठेही ड्राइव्हचं अक्षर लिहिलेलं नको, सगळं प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेपासून मोजायचं. आणि विंडोज ९८ सारख्या जुन्या सिस्टीमसाठी बनवत असाल तर इन्स्टॉलरनं फाईल कॉपी केल्यावर तिची रीड-ओन्लीची (फक्त वाचा, लिहू नका) खूण काढायला लावा, तिथे ती सीडीवरनं तशीच चिकटून यायची.

आता नावं. सीडीची मूळ फाईल सिस्टीम (सीडीवर फाईली मांडायची पद्धत) म्हणजे आयएसओ ९६६०, १९८८ ची. तिच्याआधी हाय सिएरा नावाचा फॉरमॅट होता, आणि ते नाव ज्या हॉटेलात कंपन्यांची मीटिंग झाली त्या हॉटेलाचं आहे, असो. तिची पहिली लेव्हल फार कडक आहे. फाईलचं नाव ८ अक्षरं आणि एक्स्टेन्शन ३, तेही फक्त कॅपिटल इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, आणि फोल्डरात फोल्डर ८ पातळ्यांपर्यंतच. हे आज जुनाट वाटतं, पण तुम्हाला सीटी स्कॅन किंवा एमआरआयची सीडी मिळाली असेल तर ती उघडून बघा, आतल्या फोल्डरांची आणि फाईलींची नावं जास्तीत जास्त ८ अक्षरांची दिसतील, कारण डायकॉमवाल्यांनी (डायकॉम म्हणजे मेडिकल स्कॅनच्या फाईलींचं स्टँडर्ड) हाच नियम धरून ठेवलाय. कुठल्याही हॉस्पिटलच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडायला पाहिजे ना.

लांब नावं हवी असतील तर मायक्रोसॉफ्टचं जोलिएट वापरायचं, ते विंडोज ९५ पासून चालतं, त्यात नाव ६४ अक्षरांचं असू शकतं आणि युनिकोड चालतं, म्हणजे मराठी नावंही चालतात. लिनक्ससाठी त्याच कामाचं रॉक रिज. एकाच इमेजमध्ये (अख्ख्या सीडीची नक्कल असलेल्या एका फाईलीत) तिन्ही घालता येतात. मी काय करतो, तर प्रोग्रामला लागणाऱ्या फाईलींची नावं सरळ ८ अधिक ३ मध्ये इंग्रजीत ठेवतो, आणि माणसानं हातानं उघडायच्या दोन-तीन फाईलींना फक्त मराठी नाव देतो. जोलिएट न वाचणाऱ्या सिस्टीमवर मराठी नावाच्या जागी काहीतरी भलतंच दिसतं, पण प्रोग्राम तरी चालतो.

मराठीवाल्यांसाठी इथे एक खास खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. सीडीचं लेबल, म्हणजे माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हशेजारी दिसतं ते नाव, जोलिएटमध्ये फक्त १६ अक्षरांचं असतं. आणि ही अक्षरं आपण मोजतो तशी नाहीत, मात्रा वेगळी, हलंत वेगळा, जोडाक्षराचा प्रत्येक तुकडा वेगळा. 'विद्यार्थी' आपल्याला चिमुकला शब्द वाटतो, त्यात १० अक्षरं जातात. मी लेबल दिलं होतं 'विद्यार्थी मित्र', मोजून बघा, बरोबर १६. मग दोन सीड्यांचा सेट झाला आणि दुसरीला मी 'विद्यार्थी मित्र २' दिलं, ती झाली १८, बर्निंगच्या सॉफ्टवेअरनं शेवटची दोन गपचूप कापली, आणि दोन्ही सीड्यांचं नाव एकच. माझा प्रोग्राम लेबल बघून ठरवायचा की कुठली सीडी आत आहे! दुसरी घाला म्हणून सांगायचा आणि पहिलीच आत असली तरी खूश होऊन पुढे जाऊन आपटायचा. तेव्हापासून लेबल इंग्रजीत, छोटं, आणि सीडी ओळखायला लेबल बघायचंच नाही, सीडीवर एक छोटी ओळखीची फाईल ठेवायची आणि ती आहे का बघायचं.

साईजचा हिशेब सोपा आहे पण लोक चुकतात. डेटा सीडीवर एक सेक्टर (डेटाचा सगळ्यात छोटा कप्पा) २,०४८ बाईटचा, सेकंदाला ७५ सेक्टर. ७४ मिनिटांच्या सीडीत ३,३३,००० सेक्टर म्हणजे ६८,१९,८४,००० बाईट, यालाच आपण ६५० एमबी म्हणतो. ८० मिनिटांचीत ७३,७२,८०,०००. प्रेसला द्यायची असेल तर ६५० च्या आतच राहा, अगदी बाहेरच्या कडेपर्यंत भरलेली सीडी जुन्या ड्राइव्हना जड जाते. आणि फाईल कितीही छोटी असली तरी ती अख्खा सेक्टर खाते, म्हणजे १०० बाईटच्या फाईललाही २,०४८ जातात. दहा हजार छोट्या फाईली असतील तर सरासरी अर्धा सेक्टर वाया धरला तरी दहा एमबी गेले.

पण छोट्या फाईलींचा खरा त्रास जागेचा नाही, वेळेचा आहे. सीडी ड्राइव्हचं हेड इकडनं तिकडे उडी मारायला साधारण १०० मिलिसेकंद घेतं. तुमचा प्रोग्राम सुरू होताना इकडच्या तिकडच्या २,००० छोट्या चित्रांना हात लावत असेल तर नुसत्या उड्यांची तीन मिनिटं झाली, मास्तर तोपर्यंत पॉवर बटण दाबतात. म्हणून चित्रं, आवाज असलं सगळं एकेका मोठ्या फाईलीत बांधा आणि चालू करताना ती एकदाच सलग वाचा. ड्राइव्हवर ५२ एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पट) लिहिलंय म्हणून फसू नका, तो स्पीड फक्त बाहेरच्या कडेला मिळतो. सीडीवरचा डेटा आतनं सुरू होतो, मध्यापासून २५ मिलिमीटरवर, आणि ५८ मिलिमीटरवर संपतो, त्यामुळे एकाच वेगानं फिरणाऱ्या ड्राइव्हमध्ये आतल्या बाजूचा स्पीड निम्म्याहूनही कमी असतो. एमकेआयएसओएफएस या इमेज बनवायच्या प्रोग्राममध्ये फाईलींचा क्रम ठरवायची सोय आहे, गेमवाले तर आतली जागा भरायला नुसती भरताड फाईल टाकून खरा डेटा बाहेर ढकलायचे.

ऑटोरनची फाईल (सीडी घातल्यावर प्रोग्राम आपोआप सुरू करायला विंडोजला सांगणारी) सीडीच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवायची, आत कुठल्या फोल्डरात टाकली तर विंडोज बघत नाही. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) एएनएसआय निवडा. युटीएफ-८ ला नोटपॅड फाईलीच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाईट घालू शकतं, ते पहिल्या ओळीला चिकटतात आणि विंडोजला ती ओळ ओळखू येत नाही. आणि ऑटोरनच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच जणांनी ते बंद करून ठेवलेलं असतं, म्हणून सेटअपची फाईल उघडल्या उघडल्या डोळ्यासमोर दिसेल अशी ठेवा. वाचा-मला फाईल मराठीत लिहिली असेल तर लक्षात घ्या की विंडोज एक्सपीमध्ये भारतीय भाषांचा सपोर्ट मुळात चालू नसतो, तो चालू करायला एक्सपीची सीडी मागतो, आणि ती सीडी शाळेत कोणालाच सापडत नाही. त्यामुळे मराठी सूचना फॉन्ट आत बसवलेल्या पीडीएफमध्ये द्या, शेजारी चार ओळींची इंग्रजी टेक्स्ट फाईल. कुठलाही फॉन्ट सीडीवर टाकायच्या आधी त्याचं लायसन्स वाटायची परवानगी देतं का ते बघा. जीपीएल लायसन्सवालं (खुल्या सॉफ्टवेअरपैकी) काही वापरलं असेल तर त्याचा सोर्स कोडही सीडीवरच टाका, नाहीतर तीन वर्षं कोणी मागेल तेव्हा द्यायचं लेखी वचन द्यावं लागतं, त्यापेक्षा हे परवडलं.

मग इमेज बनवायची. विंडोजवर इमगबर्न बरं आहे, फाईल सिस्टीम आयएसओ ९६६० अधिक जोलिएट निवडा, लिनक्सवर झोरिसो किंवा केथ्रीबी. थेट सीडीवर ड्रॅग करून टाकायचं नाही, आधी आयएसओ फाईल बनली पाहिजे, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर होते. ती बनली की तिचा एसएचए-२५६ हॅश (फाईलीतल्या डेटावरनं निघणारा ओळखीचा आकडा) काढून कागदावर लिहा. विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते आणि तिच्यावर लिहिता येत नाही, म्हणजे वरचे रीड-ओन्लीचे घोळ सीडी न जाळता सापडतात. कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) चालवा, जिथे तुमचं कुठलंही डेव्हलपमेंटचं सॉफ्टवेअर नाही, रनटाइमची एखादी डीएलएल (प्रोग्राम चालायला लागणारी साथीची फाईल) राहिली असेल तर तिथेच बोंब उठेल. फक्त उड्यांचा हळूपणा इथे दिसणार नाही, त्यासाठी खरी सीडी मारून घरातल्या सगळ्यात जुन्या लॅपटॉपमध्ये घालायची.

मास्टर मारताना मोड डिस्क-ॲट-वन्स हवा (अख्खी सीडी एका दमात लिहायची), एकच सेशन, आणि सीडी बंद केलेली, म्हणजे पुढे काही लिहिता येणार नाही अशी. ट्रॅक-ॲट-वन्समध्ये एकेक ट्रॅक सुटा लिहिला जातो, लेझर मध्येच बंद होतो आणि जोडाच्या जागी न वाचता येणारे ब्लॉक राहतात. ते तुमच्या ड्राइव्हला चालतात, प्रेसच्या मशीनला चालत नाहीत, सीडी परत येते. विंडोजनं विचारलं की पेन ड्राइव्हसारखी वापरायची का, तर नाही म्हणायचं. स्पीड मधला ठेवा, ८ किंवा १६ एक्स. अगदी १ एक्सवर मारली की सर्वात छान, ही जुन्या ब्लँक सीड्यांच्या काळातली समजूत आहे. ब्लँक सीडी मात्र चांगल्या कंपनीची घ्या, इथे वीस रुपये वाचवू नका.

मारून झाली की सीडी बाहेर काढून दुसऱ्या पीसीच्या ड्राइव्हमध्ये घाला, पूर्ण वाचून हॅश कागदावरच्या आकड्याशी जुळवा. ज्या ड्राइव्हनं लिहिली तो स्वतःचं अक्षर बहुतेक वेळा वाचतो. अशा दोन मास्टर बनवा, एक पाठवायला, एक घरी. स्टिकर लावायचा नाही, तोल जातो. चमकणारा थर लेबलच्या बाजूला अगदी वरच असतो, खालनं चरा पडला तर ड्राइव्ह बऱ्याचदा सावरून घेतो पण वरनं खरवडला की संपलं, म्हणून बॉलपेन नाही, सीडीचा मार्कर, आणि तोही मधल्या पारदर्शक भागावर. डब्यात कागद ठेवा, त्यावर नाव, तारीख, एकूण बाईट आणि हॅश. छपाईच्या डिझाईनसाठी प्रेसकडून त्यांचाच टेम्प्लेट मागून घ्या, मध्ये छपाईविना सोडायच्या गोलाचं माप प्रत्येकाचं वेगळं असतं.

माल आला की वरचीच सीडी काढून बघू नका. खोक्याच्या तळाची एक घ्या, मधली एक घ्या, जुन्या लॅपटॉपमध्ये घाला, हॅश जुळवा, आणि मग उरलेलं पेमेंट करा.