98,76,54,321: मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे काढावेत?

एखाद्या मोठ्या संख्येला विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ती पूर्ण वर्ग आहे का, ही सगळी उत्तरं तिच्या मूळ अवयवांत दडलेली असतात. कष्ट पडतात ते अवयव शोधताना. म्हणून सोप्या कसोट्या आधी लावायच्या आणि भागाकाराला नंतर बसायचं. उदाहरणाला 98,76,54,321 घेऊ.

1. अंक बघा. शेवटी 1 आहे, म्हणजे 2 आणि 5 बाद. अंकांची बेरीज 45, म्हणून 9 ने भाग जातो आणि भागाकार येतो 10,97,39,369. याच्या अंकांची बेरीज 47. तेव्हा 3 चं काम इथेच संपलं.

2. 7, 11, 13 एकदम तपासा. ही युक्ती प्रत्येक शाळकरी मुलाला यायलाच हवी. 7 × 11 × 13 = 1001. 98,76,54,321 चे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने अधिक-वजा करा. आपले स्वल्पविराम लाख-कोटींचे असतात, त्यामुळे गट पाडताना ते आधी काढून टाका, नाहीतर हमखास गोंधळ होतो. 321 − 654 + 987 = 654. आता फक्त 654 ला भागून बघा: 7 ने बाकी 3, 11 ने 5, 13 ने 4. तिन्ही बाद!

3. 17 ने भागा. 10,97,39,369 ÷ 17 = 64,55,257. इथे थांबू नका, तोच अवयव पुन्हा लावून बघा. 64,55,257 ÷ 17 = 3,79,721. तिसऱ्यांदा मात्र बाकी 9 उरते.

4. वर्गमूळापर्यंतच जा. 3,79,721 चं वर्गमूळ 616 आणि 617 च्या मध्ये येतं. या संख्येचे दोन अवयव पडत असतील, तर दोन्ही 616 हून मोठे असूच शकत नाहीत. 616 पर्यंत मूळ संख्या 112 आहेत. त्यांतल्या सात झाल्या, राहिल्या 105. हे काम चिकाटीचं आहे, इथे कॅल्क्युलेटर जरूर घ्या. एकीनेही भाग जात नाही, म्हणजे 3,79,721 ही स्वतःच मूळ संख्या आहे.

5. आता गुणधर्म काढा.

98,76,54,321 = 3² × 17² × 3,79,721

प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणाकार करा: 3 × 3 × 2 = 18 विभाजक. शेवटच्या अवयवाचा घातांक विषम आहे, म्हणून संख्या पूर्ण वर्ग नाही. विभाजकांची बेरीज (1+3+9) × (1+17+289) × (1+3,79,721), म्हणजे 1,51,54,70,502. त्यातून 98,76,54,321 ही संख्या वजा केली की 52,78,16,181 उरतात. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येहून कमी भरते, म्हणून ही न्यून संख्या.

याच अंकांची उलटी संख्याही घेऊन बघा: 8 × 12,34,56,789 + 9 = 98,76,54,321. म्हणजे या दोघींचा मसावि 12,34,56,789 आणि 9 यांच्या मसाविइतकाच, आणि तो आहे 9.