टेंपरेचर सेन्सर की वायरिंग? माझा अनुभव

कसारा घाट चढताना माझ्या गाडीच्या इंजिन टेंपरेचरचा काटा अचानक शून्यावर यायचा, रेडिएटर फॅन फुल स्पीडला आणि गरम इंजिन बंद करून परत स्टार्ट करायला गेलं की नुसतं सेल्फ फिरत राहायचं. नाशकातल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिनचं कूलंट रेडिएटरकडे सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह) बदलायला सांगितला, पण मला ते पटेना कारण थर्मोस्टॅट उघडा अडकला तर काटा हळूहळू उतरतो, असा उड्या मारत नाही. सकाळी थंड इंजिनवर मल्टिमीटर लावला, टेंपरेचर सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण अडीच हजार ओहम, गरम झाल्यावर तीनशेच्या आसपास. गरम झाल्यावर तो असा कमीच व्हायला हवा, म्हणजे सेन्सर एकदम ओके. मग चालू इंजिनवर सेन्सरची वायर हलवली तर काटा पडला! कनेक्टरची पिन गंजून हिरवी पडली होती, पिनसकट कनेक्टर नवीन टाकला. आता घाटातही काटा स्थिर. काही गाड्यांत मीटरचा आणि ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा) सेन्सर वेगळा असतो, ते मात्र आधी बघा.