कन्नड वाचायला शिकताना: हुरूप ओसरला तरी चालेल, अशी गरज कशी बांधावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी जणांना कन्नड बोलता येतं, पण वाचता येत नाही. पाडव्याला हौसेनं अंकलिपी आणली जाते आणि नव्याचे नऊ दिवस सरले की ती कपाटावर चढते. इच्छा खोटी नसते. न शिकल्यानं उद्या काही अडत नाही, एवढंच.

म्हणून आधी कागदावर लिहा: वाचता न आल्यानं येत्या महिन्यात माझं नेमकं काय अडेल? उत्तर 'काहीच नाही' असेल तर घरातलं असं एक काम अंगावर घ्या, ज्याला तारीख आहे आणि ज्याची दुसरं कुणी वाट पाहतंय. शेती असेल तर पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, वाचण्यासारखं दुसरं काम नाही. नाडकचेरीतून, म्हणजे गावाजवळच्या महसूल कचेरीतून, ताजी प्रत आणा आणि वडिलांना सांगून टाका, "अप्पा, गणपतीआधी ही मी वाचून दाखवतो." मधे निदान सहा आठवडे ठेवा.

वर्णमालेत ४९ अक्षरं. रोज तीन, वीस मिनिटं बसून, सतरा दिवसांत होतात. क्रम आपल्यासारखाच आहे. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ तेवढे नवे. माणूस अडखळतो जोडाक्षरांत. दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली बसतं. बसच्या पाटीवर 'निप्पाणी' पाहा, एका प च्या पायाशी दुसरा प दिसेल. रफार डोक्यावर नसतो, तो अक्षराच्या उजवीकडे, कन्नड नवाच्या आकड्यासारखा (೯) येतो. 'कर्नाटक' हा शब्द क, ना, मग ती खूण, ट, क असा दिसतो. नवशिका त्याला हमखास 'कनार्टक' वाचतो. खूण दिसली की एक अक्षर मागे जाऊन र् आधी म्हणायचा. ही सवय लागायला चार-पाच दिवस जातात, ते जाऊ द्या.

मग पहाणी उघडा. सर्वे नंबर, विस्तीर्ण (म्हणजे क्षेत्र), खराब, हक्क, ऋण: लिपी सुटली की अर्धे शब्द ओळखीचेच निघतात. हेसरु म्हणजे नाव, कंदाय म्हणजे शेतसारा. क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं, ४० गुंठ्यांचा एकर. ऋणाचा रकाना नीट वाचा. फेडलेल्या कर्जाचा बोजा तिथे तसाच राहिलेला असू शकतो. कन्नड वाचल्यानं मराठी तसूभरही कमी होत नाही, आणि आपल्या शिवाराचा कागद आपल्याला वाचता यायलाच हवा.

गरज फसते ती पळवाटेमुळे. घरात कन्नड शाळेतलं पोर असतं, फोटो काढला की मोबाइल अर्थ सांगतो. बंदी घालू नका, टिकत नाही. आधी दहा मिनिटं पेन्सिलीनं स्वतः वाचायचं, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, मगच विचारायचं. गरज फार मोठी असली तरीही फसते. उद्या खरेदीखतावर सही असेल तर तो कागद सरावाचा नव्हे. जाणकाराकडूनच वाचून घ्या.

पहाणी वाचून झाली की गरज संपते आणि वाचनही थांबतं. हुरूप खरा उपयोगी पडतो तो इथे. म्हणून पाचव्या आठवड्यातच, काम संपायच्या आधी, आवडीचं काही जोडून ठेवा: कन्नड पेपरातलं क्रिकेटचं पान, रोज एक बातमी, मोठ्यानं.