आयटी सपोर्टला नवीन माणूस आलाय आणि अनुभव शून्य, मी कसं शिकवते

टीममध्ये नवीन पोरगा किंवा पोरगी येते, सीव्हीवर एखादा कोर्स सोडला तर काही नसतं, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना मिळतं काय तर एक लॅपटॉप, एक जाडजूड पीडीएफ आणि "वाचून काढ, अडलं तर विचार". ते बिचारे वाचतात पण. आणि आठवड्याभरात सगळं विसरतात, कारण ज्या प्रॉब्लेमचा फोन अजून आलाच नाही त्याचं उत्तर डोक्यात राहणार कसं. मी बरीच वर्षं हेल्पडेस्कवर आहे, आता लीड आहे, नवख्यांना तयार करायचं काम फिरून फिरून माझ्याकडेच येतं, म्हणून जे उपयोगी पडलं ते लिहितेय. नुकतेच लागलेल्यांनी पण वाचा, शिकवणाऱ्याकडे नेमकं काय मागायचं ते कळेल.

माझं म्हणणं एकच आहे, उत्तरं शिकवू नका, प्रश्न कुठल्या क्रमानी विचारायचे ते शिकवा. उत्तरं नॉलेज बेसमध्ये असतात, नसली तर सर्चमध्ये सापडतात. पण युजर "नेट चालत नाहीये" म्हणाला की पुढे काय विचारायचं हे तिथं लिहिलेलं नसतं. फक्त तुमचंच की शेजारच्यांचं पण? एकच साइट की सगळ्याच? काल चालत होतं का, मधे काय बदललं? एवढ्यावर निम्मा गुंता सुटतो आणि यातला एकही प्रश्न टेक्निकल नाही.

तर सुरुवातीला मी फक्त ऐकायला बसवते. पण नुसतं ऐकलं की झोप येते, म्हणून प्रत्येक कॉलनंतर विचारते की मी हा प्रश्न का विचारला असेल, आणि तू असतास तर काय विचारलं असतंस. थोडे दिवस झाले की उलटं, कॉल त्यानी घ्यायचा आणि मी बाजूला. इथे सिनियर लोकांना सगळ्यात अवघड जातं ते म्हणजे हात आवरणं. आपल्याला दिसत असतं की दोन क्लिकचं काम आहे आणि तो मेनूत भलतीकडेच फिरतोय, पण माउस हिसकावलात की तो शिकतो एवढंच की थोडं थांबलं की ताई येऊन करून देतात. मी सरळ हाताची घडी घालून बसते. युजर खोळंबलाय असं वाटलं तर युजरशी गप्पा मारते, त्याला वेळ मिळतो.

नेटवर्कचं शिकवताना ओएसआयच्या सात लेयर्सनी (नेटवर्कचं काम सात थरांत मांडणारं पुस्तकी मॉडेल) सुरुवात करू नका प्लीज, ते इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेलं असतंच. मशीनवर आयपीकॉन्फिग ही कमांड चालवायला लावा आणि मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता वाचायला लावा. १६९.२५४ नी सुरू होतोय? म्हणजे डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजनी स्वतःच एक लावून घेतलाय, मग आधी केबल बघ, वायफाय बघ, स्विचचा पोर्ट बघ, ब्राउझरची कॅश साफ करत बसू नकोस. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) पिंग, म्हणजे उत्तर येतं का बघायला हाक, मग बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ ला, मग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला जातंय आणि नावाला जात नाही म्हटलं की संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर. (काही नेटवर्कवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, ते पण सांगून ठेवा, नाहीतर पोरं उगाच गेटवे मेलाय म्हणून एस्कलेट करतात, म्हणजे वरच्या टीमकडे पाठवतात.) हा क्रम हातात बसला की आत्मविश्वास येतो, कारण "कळत नाही" ऐवजी "इथपर्यंत ठीक आहे, याच्या पुढे नाही" असं म्हणता येतं. लेयर्स नंतर आपोआप समजतात.

दुसरं एक उदाहरण मी हमखास देते. युजर म्हणतो मी बंद करून चालू केला, नवखा टास्क मॅनेजर उघडतो तर सीपीयूच्या खाली अपटाइम (मशीन किती वेळ सलग चालू आहे) दिसतो पंधरा दिवस, आणि तो लगेच माझ्याकडे बघून डोळे मिचकावतो की बघा, खोटं बोलतोय. तर तो खोटं बोलत नसतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची भानगड आहे, ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्यानी सुरू होतं. त्यामुळे "रीस्टार्ट दाबा, शट डाउन नको" हे स्पष्ट सांगायचं. या एका उदाहरणानी दोन गोष्टी होतात, विंडोज समजतं आणि युजरला मूर्ख समजायची सवय लागत नाही. ती सवय या धंद्यात फार लवकर लागते आणि एकदा लागली की आवाजात ऐकू येते.

अकाउंट लॉकचं पण असंच. पहिल्यांदा अनलॉक करून दिलं, ठीक. त्याच माणसाचा तासाभरात परत फोन आला तर परत अनलॉक करून टिकेट (तक्रारीची नोंद) बंद करणं म्हणजे काम नाही. नुकताच पासवर्ड बदललाय का विचार, फोनमधल्या मेल ॲपमध्ये जुना पासवर्ड पडून असतो आणि तो बिचारा फोन खिशातून दर थोड्या वेळानी चुकीचा पासवर्ड पाठवत बसतो. डोमेन कंट्रोलरच्या (कंपनीतली सगळी लॉगिन तपासणारा सर्व्हर) लॉगमध्ये ४७४० नंबरचा इव्हेंट बघितला तर लॉक कुठल्या मशीनमुळे झालं त्याचं नाव सहसा मिळतं. नवख्याला तो लॉग बघायचा अधिकार नसेल तर निदान बघणाऱ्याच्या शेजारी बसवा.

आता सिक्युरिटी, आणि इथे मी अजिबात ढील देत नाही. पासवर्ड रीसेट आणि एमएफए (पासवर्डशिवायची दुसरी ओळख तपासणी) रीसेट हे नवख्याला मिळणारं पहिलं काम असतं, सोपं म्हणून, आणि नेमकं फसवणारेसुद्धा त्यासाठीच फोन करतात. घाईत असलेला साहेब, एअरपोर्टवर आहे, मीटिंग सुरू होतेय, तुझं नाव काय रे. नियम असा की पडताळणी झाल्याशिवाय काहीही रीसेट होणार नाही, समोर कोणीही असो, आणि शंका आली तर फोन ठेवून रेकॉर्डवरच्या नंबरवर आपण उलटा फोन करायचा. पण नुसता नियम सांगून भागत नाही, "पडताळणी मागितली म्हणून कोणी चिडलं तर ती तक्रार माझ्या नावावर" हे पण सांगावं लागतं, नाहीतर पहिल्याच दरडावणीला पोरगं गळपटतं. मी दुसऱ्या टीममधल्या कोणाला तरी खोटा साहेब बनवून फोन करायला लावते. हसतात नंतर, पण लक्षात राहतं.

बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप) रिकव्हरी की शोधून फोनवर वाचून दाखवायची प्रॅक्टिस पण करून घ्या, ४८ आकडे असतात, सहा-सहाचे आठ गट. अर्थात पडताळणी इथेही आधी. क्षुल्लक वाटतं, पण १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानी ८५ लाख, त्यातली कित्येक एकेक करून सेफ मोडमध्ये नेऊन ती सदोष फाइल उडवावी लागली आणि डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर आधी ती की. अशा दिवशी की अचूक वाचून दाखवणारा नवखा सोन्यासारखा.

टिकेटमध्ये लिहिणं. "इश्यू रिझॉल्व्हड" एवढंच लिहिलेलं टिकेट मी परत पाठवते. युजर काय म्हणाला, एरर शब्दशः काय होती, कधीपासून, एकट्याला की सगळ्यांना, आपण काय काय करून बघितलं आणि त्याचं काय झालं. मराठी इंग्लिश मोडकंतोडकं चालेल. एस्कलेट करताना पण हेच, वीस एक मिनिटं स्वतः झटापट करायची, नाही जमलं तर हे सगळं घेऊन विचारायला यायचं. मात्र पूर्ण मजल्याचं काम अडलं असेल तर वीस मिनिटं नाही, लगेच. एका माणसाचं अडलंय की शंभर जणांचं, आणि ते थांबू शकतं का, प्रायॉरिटी म्हणजे मुळात एवढंच.

फावल्या वेळात लॅब. व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते, त्यावर डोमेन उभं करायला लावा, स्नॅपशॉट (परत त्या स्थितीत येता येईल अशी प्रत) घ्यायला लावा, मग तुम्ही ते गुपचूप बिघडवा. क्लायंटला भलताच डीएनएस द्या म्हणजे डोमेन जॉइन होणार नाही. प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) बंद करून ठेवा. डीएचसीपीचे पत्ते संपवून टाका. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो, खरं सांगायचं तर.

एआय चॅटबॉटला विचारू नको असं मी म्हणत नाही, सगळेच विचारतात. दोन अटी: युजरची नावं, आयपी, लॉग तिथे पेस्ट करायचे नाहीत, आणि जी कमांड काय करते ते मला सांगता येत नाही ती युजरच्या मशीनवर चालवायची नाही.

एकट्यावर शिफ्ट कधी सोडायची ते मी त्यानी बंद केलेली किती टिकेटं परत उघडली जातात त्यावरून ठरवते. आणि अजून एक बघते, युजरला "विचारून दहा मिनिटांत फोन करतो" म्हणाला तर खरंच करतो का, उत्तर सापडलं नसलं तरी. अकाउंट किती पटकन अनलॉक करतो याला मी महत्त्व देत नाही.

शिकवणाऱ्यासाठी शेवटचं, काम सुरू करायच्या आधी मॅनेजरकडून तुमचं टिकेटचं टार्गेट कमी करून घ्या, आणि तोंडी नको, मेलवर.