चार ओहमचे स्पीकर आणि सारखा पडणारा रिले

हौसेनं जुने थ्री-वे (जाड, मधल्या आणि बारीक आवाजाला वेगवेगळे भोंगे असलेले) स्पीकर आणले, मागे '४ ओहम' लिहिलेलं; ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप, ते जितकं कमी तितका करंट जास्त. डग्गा जरा घुमला की अँप्लिफायरचा रिले (जास्त करंट गेला की स्पीकर तोडणारा सुरक्षेचा स्विच) खट्कन पडायचा, आवाज गुल. अँप्लिफायरच्या वरच्या जाळीला हात लावला तर चटका! आधी उगाच वायरी बदलल्या. मग १० ओहमचा रेझिस्टर स्पीकरच्या सिरीजमध्ये (एकाच वायरीत मागोमाग) लावून, मोबाइलवरून टोन देऊन मल्टिमीटरनं मोजलं. ९० हर्ट्झला, म्हणजे डग्ग्याच्या जाड आवाजाला, इम्पिडन्स (स्पीकरचा विरोध) जेमतेम २.६ ओहम. म्हणजे २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढेल, हा साडेसातच्या वर.

मित्र म्हणाला, रेझिस्टर तसाच राहू दे, करंट कमी होईल. पण त्यानं बास पार ढिला पडतो. शेवटी ८ ओहमवर ८० आणि ४ ओहमवर १५० वॉट देणारा, म्हणजे ओहम निम्मे झाले तरी जवळपास दुप्पट करंट पुरवणारा, सेकंडहँड अँप्लिफायर घेतला. चौदा किलोचा, निम्मं वजन ट्रान्सफॉर्मरचंच. कपाटाची फळी वाकलीय, रिले मात्र गप्प.